सात मेलेल्या छत्र्या आणि एक परकर

गॅदरिंगला अठरा दिवस राहिले होते तेव्हा लेकीने रात्री जेवताना सांगितलं की फॅशन शोमध्ये माझं नाव दिलंय, थीम आहे पर्यावरण आणि ड्रेस टाकाऊ वस्तूंचाच पाहिजे, विकतचा चालणार नाही. नाव कधी दिलंस विचारलं तर म्हणे दिवाळीच्या सुट्टीआधी! आठवीतली मुलगी, आदल्या रात्री नाही सांगितलं हेच खूप. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे तिला वाटलं आई दोन दिवसांत उडवेल, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं होतं.

तिचं पहिलं म्हणणं बाटल्यांचा ड्रेस करू. कारण काय तर पंतप्रधानांनी संसदेत बाटल्यांपासून बनवलेलं निळं जॅकेट घातलेलं तिने कुठेतरी बघितलं होतं. आमच्या ह्यांनी लगेच मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट, इंडियन ऑइल त्यांच्या लोकांसाठी तसे युनिफॉर्म करणार होतं, एका युनिफॉर्मला साधारण २८ बाटल्या. मग लेकीला समजावत बसले की अगं त्या बाटल्या कारखान्यात जातात, तिथे त्यांचे तुकडे करतात, वितळवतात, त्याचा धागा काढतात आणि मग कापड विणतात, म्हणजे शेवटी ते पॉलिस्टरच असतं. आपल्याकडे बाटली ही बाटलीच राहणार, कमरेला वीस बाटल्या बांधून तू स्टेजवर खुर्चीत तरी बसू शकशील का? नाही म्हणाली.

मग माझ्या डोक्यातून निघाल्या दुधाच्या पिशव्या. जाड असतात, मऊ असतात, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी पंचवीस-तीस तरी रिकाम्या होतातच. ग्रुपवर मेसेज टाकला की पिशव्या फेकू नका आमच्या दारात ठेवा, आणि लोकांनी इतक्या उत्साहाने ठेवल्या की आठवड्यात २१६ जमल्या. त्यातल्या निम्म्या न धुतलेल्या. आंबट वास, मुंग्या, बाथरूममध्ये बादलीभर पिशव्या भिजत घातलेल्या, सासूबाई आंघोळीला जाताना पदर नाकाला लावून जायच्या. धुऊन सगळ्या गॅलरीत तारेवर चिमटे लावून वाळत घातल्या तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी ओरडून विचारलं, दुधाचा धंदा काढला का.

पहिल्या चार पिशव्या जोडून मशीनवर टीप मारली. छान दिसली. जरा ताणून बघितलं तर टर्रकन् शिवणीवरूनच फाटली, अगदी सरळ रेषेत, कॅलेंडरचं पान फाडतो तशी. कापडाचं कसं असतं, सुई धाग्यांच्या मधून जाते, धागे बाजूला होतात. प्लास्टिकमध्ये मात्र सुई जिथे घुसते तिथे कायमचं भोक. टीप जितकी बारीक तितकी भोकं जवळजवळ. मी सवयीने ब्लाऊजची बारीक टीप मारली होती, म्हणजे शिवण नाही, फाडायची रेघच आखून दिली म्हणा ना.

याच्यावर विचार करत दारात पिशव्या मोजत बसले होते तेव्हा आमच्या कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी आल्या. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बायकांची स्वच्छ नावाची स्वतःची सहकारी संस्था आहे, २००८ पासून, आणि त्याच्याही आधी १९९३ पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना. आमच्या मावशी त्यातल्याच. सुका कचरा निवडून भंगारात घालतात, तो पैसा त्यांचा. त्यांनी माझा तो ढीग बघितला आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं ह्या बिल्डिंगच्या पिशव्या आठ दिवस झाले कुठं गेल्या."

मला आधी कळलंच नाही.

"ताई, ही पिशवी आमी इकतो की. धुतलेली तर लगीच जाती. ह्यो कचरा न्हाई, ह्यो पैसा हाय. तुमाला कचराच पायजे ना, मग ज्याला भंगारवाला हात लावत न्हाई त्ये घ्या." आणि त्यांनी त्यांच्या पोत्यातून मूठभर काढून माझ्यापुढे टाकलं. वेफर्सच्या पुड्या, बिस्किटांचे चकचकीत कागद, शांपूचे सॅशे.

खरं सांगते, मनाला लागलं. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परत मिळणार वगैरे वाचलेलं मला आठवत होतं, म्हणजे या पिशवीला किंमत आहे हे माहीत होतंच, तरी ती कोणाची किंमत आहे हे डोक्यात आलं नव्हतं. मी पर्यावरणाचा ड्रेस शिवायला निघाले होते आणि एका बाईचा आठ दिवसांचा माल माझ्या गॅलरीत वाळत होता. २१६ च्या २१६ पिशव्या, धुतलेल्या, घड्या घालून त्यांना देऊन टाकल्या. त्या फाडलेल्या चारसुद्धा, त्या म्हणाल्या फाटकी चालती.

वेफर्सच्या पुडीचं दुखणं असं की ती एका प्लास्टिकची नसतेच. एकावर एक पातळ थर, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना चिकटलेलं, ते वेगळं काढणं जमत नाही म्हणून भाव नाही. पण उलटी केली की आतून काय चमकते! मी पुडीची मागची शिवण कापून ती उघडी केली, तेल-मसाला गरम पाण्याने साबण लावून धुतला (दोनदा, एकदा धुऊन जात नाही, हळद तर चिकटूनच बसते), आणि उन्हात धरली तर थेट चांदीची जर. त्याच क्षणी मला परकराचा काठ दिसला. आणि काठ दिसला म्हणजे मग काळं कापड पाहिजे, कारण संक्रांत आठवड्यावर, आणि चांदीच्या चांदण्यांची काळी चंद्रकळा साडी माझ्या आजीची होती, ती मी लहानपणी पांघरून झोपलेली आहे.

काळं कापड घरात भरपूर होतं पण ते टाकाऊ नव्हतं. काळं आणि टाकाऊ काय मिळेल यावर घरात चर्चा चालली असताना सासरे त्यांच्या कोपऱ्यातून म्हणाले, छत्री. बास. एवढंच. पेपरमधून मानही वर केली नाही.

मंडईच्या बाजूला पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसतात, हिवाळ्यात ते चेन आणि बॅगा दुरुस्त करतात. त्यांच्याकडे काड्या मोडलेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या छत्र्यांचं एक बोचकं होतं. काड्या त्यांना स्पेअरला लागतात, कापडाचं काहीच करत नाहीत. सात छत्र्यांचं कापड दिलं, पैसे घेईनात, शेवटी चहा घेतला. घरी आणून पसरल्या तेव्हा कळलं की काळा हा एक रंग नसतो, सात छत्र्यांचे सात काळे, एक हिरवट, एक जांभळट, एक तर उन्हाने पार चहासारखा झालेला. दोन छत्र्यांचं कापड इतकं विरलेलं की बोट लावलं तरी फाटायचं, त्या बाजूला. उरल्या पाच.

आणि इथे मला माझ्या धंद्याचा खरा आनंद मिळाला. छत्री म्हणजे आठ कळ्या, वर निमुळते खाली रुंद असे तुकडे. आधीच शिवलेल्या! आपण कळीचा परकर शिवताना जे माप काढून, कागद कापून, तिरकं धरून करतो ते छत्रीवाल्याने करूनच ठेवलंय. मधलं टोक चार इंचांवर गोल कापलं की आठ कळ्यांची मिळून साधारण पंचवीस इंच कंबर निघते, तिथे नेफा दुमडला, नाडी घातली, झाला वरचा भाग. उंची मात्र सतराच इंच भरली, गुडघ्याच्याही वर. मग आणखी दोन छत्र्या ब्लेडने उसवून त्यांच्या सुट्या कळ्यांची टोकं कापली आणि एक सुलटी एक उलटी अशा चौदा कळ्या जोडून सरळ पट्टा केला, तो खाली लावला. घेर साडेअकरा फुटांच्या आसपास आला. एक छत्री पोलक्यात गेली, एक बाह्यांत आणि चुकांत. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या आम्ही चिंध्या जोडून गोधड्या शिवायचो तेव्हा कोणी स्टेजवर नाही बोलावलं. काय बोलणार, बरोबरच आहे. आणि जी साडी गोधडीतही जायच्या लायकीची नसायची ती बोहारणीला देऊन त्या पातेलं घ्यायच्या, घरातून काही फुकट जायचंच नाही.

आता काठ. पुड्या चुरगळलेल्या होत्या म्हणून मी हुशारीने इस्त्री फिरवली, तर पुडी आखडत आखडत माझ्या डोळ्यांदेखत हाताच्या तळव्याएवढी झाली आणि कडक. वासही सुटला, खिडक्या उघडल्या. तर इस्त्री अजिबात करायची नाही, रात्रभर गादीखाली ठेवायच्या, सकाळी सरळ. टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं पडतात, कपड्याचे चिमटे लावायचे. मशीनची सोळा नंबरची सुई काढून अकरा नंबरची लावली, टीप सगळ्यात मोठी, आणि पुडीच्या मागे जुन्या बेडशीटची पट्टी अस्तर म्हणून, म्हणजे ताण कापडावर येतो, प्लास्टिकवर येत नाही. तरी मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा भाग) पुडीवर चिकटायचं, पुढे सरकायचंच नाही, कर्र कर्र आवाज करत एकाच जागी दहा टाके. त्यावर उपाय म्हणजे वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची, कागदासकट टीप मारायची, नंतर कागद ओढून काढायचा. हे सगळं आता मी दोन ओळींत लिहितेय पण ह्यात माझे तीन दिवस आणि बाहेरचे दोन ब्लाऊज लेट गेलेत.

चांदण्या लेकीने कापल्या, शाळेतून आल्यावर रोज वीस-पंचवीस. फेव्हिकॉलने चिकटवल्या, सकाळी फरशीवर सगळ्या पडलेल्या, अशा प्लास्टिकला तो धरतच नाही. मग एकेक हाताने, बरोबर मध्ये एकच टाका. त्याचा फायदा असा झाला की टोकं मोकळी राहिली, ती हलतात, लुकलुकतात. आणि छत्रीच्या कापडाला जिथे जिथे काडीचा गंज लागलेला, जिथे भोकं होती, तिथे तिथे चांदणी. त्यामुळे आभाळ जरा विचित्र झालं, काही जागी दाट काही जागी एकही नाही, पण खरं आभाळ तरी कुठे सारखं असतं.

दागिने सासऱ्यांच्या औषधांचे. बीपी, शुगर, कॅल्शियम, महिन्याला डबाभर रिकाम्या स्ट्रिप्स निघतात, त्याही कोणी घेत नाही. गोल गोळ्यांचे फुगे कापले की हुबेहूब बोरमाळेचे मणी. कडा मात्र धारदार, लेकीच्या मानेला पहिल्याच ट्रायलला ओरखडा आला, मग प्रत्येक मण्याचे कोपरे गोल कापले, दाभणाने भोक पाडलं आणि माळेच्या मागे जुन्या साडीचा काठ शिवला. सासरे रोज विचारायचे, अजून किती गोळ्या खाऊ.

गॅदरिंगच्या दिवशी मेकअपच्या खोलीत गेले आणि बघते तर काय, एक मुलगी नव्याकोऱ्या कागदी प्लेट्सचा फ्रॉक घालून, एक नव्या थर्माकोलचं फुलपाखरू, एकीच्या ड्रेसवर बाजारातून आणलेली हिरवी चकाकी. टाकाऊ वस्तू विकत मिळतात हे मला माहीत नव्हतं. मुलांचा दोष नाही, आयांकडेही वेळ नसतो, पण चकाकीची ती पूड महिनाभर शाळेच्या फरशीत राहणार ना. माझी लेक स्टेजवर गेली ती चुर्र चुर्र आवाज करत, माईकने तो आवाज पकडला, पोरं हसली, मग लाईट पडला आणि चांदण्या हलल्या आणि हसणं थांबलं, तेवढं मी बघितलं. पायरी उतरताना काठावर पाय पडून हातभर काठ उसवला. पहिला नंबर प्लेट्सच्या फ्रॉकला, आम्हाला उत्तेजनार्थ, एक कंपासपेटी. ती प्लास्टिकच्या वेष्टनात होती.

दुसऱ्या दिवशी मावशींना फोटो दाखवला. खूप वेळ मोठा करकरून बघितला, पुड्या ओळखल्या, कुठली कुठल्या वेफरची ते सांगितलं. मग विचारलं, "आन् आता ह्ये फाटल्यावर कुनाच्या गाडीत टाकनार? ह्यात तर कापडबी शिवलंय."

मला उत्तर देता आलं नाही. परकर पाच महिने माळ्यावर राहिला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा काठ उसवून पुड्या आणि बेडशीटच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, आणि परकराला खाली इलॅस्टिक घालून स्कूटरच्या सीटला चढवला. छत्रीचंच कापड, पाणी धरत नाही. चांदण्या काढायचा कंटाळा केला, त्या तशाच आहेत, त्यामुळे मंडईच्या पार्किंगमध्ये शंभर गाड्यांत आमची लगेच सापडते, आणि छत्रीवाले काका लांबूनच हात करतात.