हिडकलच्या काठावरची बोट

मी बेळगावच्या उद्यमबागेत फायबरची कामं करतो, टाक्या, गाड्यांचे बंपर आणि कधीमधी बोटी. गेल्या उन्हाळ्यात चिकोडीकडच्या नदीकाठचे एक काका आले, म्हणाले हिडकल डॅमवर एक जुनी बोट बघितलीया, १८ फुटी, १५ एचपीचं इंजिन, दहा हजार ॲडव्हान्स पण देऊन आलोय, तू नुसतं एकदा बघ. मला रागच आला, पैसे दिल्यावर काय बघायचं? पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि दूधगंगा एकदम चढल्या तेव्हा यांच्या वस्तीवर बोट पोचायला दीड दिवस लागलेला, म्हणून सगळ्या गल्लीनं वर्गणी काढलेली. मग गेलो.

बोट लांबून चकचकीत निळी. ताजा रंग बघितला की मला आधी संशय येतो. हातोडीच्या दांड्यानं तळ ठोकत गेलो, सगळीकडं कडक टकटक, तळ चांगला होता. मागं जिथं इंजिन टांगतात त्या फळीवर आलो आणि आवाजच बदलला, ढप ढप. काकांना म्हटलं कान लावा. त्यांनाही कळलं. मग इंजिन खाली सोडून पंख्याच्या वरच्या पट्टीवर पाय दिला, जोर लावला, तर इंजिनाबरोबर फळी पण वाकायला लागली. एक बोल्ट काढला तर भोकातून काळं पाणी आणि कुजलेला भुसा. बाहेरून फायबर दिसतं पण आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकाला सीलंट नीट नसलं की पाणी शिरतं, त्याला बाहेर पडायला वाट नाही, मग वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतं. गिअर ऑईल काढलं तर चहासारखं दुधाळ, म्हणजे तिथंही पाणी, पण ते सील बदलून भागतं. फळीचं तसं नाही.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पुराच्या धारंत इंजिन फळीसकट गेलं असतं की रे, आणि बोटीत बायकापोरं."

मालक म्हणाला मी घेतली तेव्हापासून रंग असाच आहे. मला ते खरं वाटलं, त्याचा चेहराच उतरलेला. त्यानं ॲडव्हान्स परत द्यायला पाकीट काढलं. काकांनी त्याचा हात धरला आणि मला विचारलं, फळी नवीन घालायला किती दिवस? मी म्हटलं जुनं सगळं कापून, आतलं नीट वाळवून, मरीन प्लाय घालून वर फायबरचे थर द्यायचे, आठ दिवस तरी पाहिजेत. मालकानं त्या कामाचे पैसे किमतीतून कमी केले, आणि मिरगाच्या आधी बोट माझ्या शेडमध्ये आली.