तुम्ही विचारलंत म्हणून: एक्सेलमध्ये बरोबर आहे, मग पत्रात चूक कशी?

"एक्सेलमध्ये तारीख अगदी बरोबर दिसतेय. मग वर्डमध्ये मेल मर्ज केल्यावर उलटी का येते?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. (मेल मर्ज म्हणजे एक्सेलच्या यादीतली नावं, तारखा वर्डमधल्या एकाच पत्रात आपोआप भरून प्रत्येकाचं वेगळं पत्र काढणं.) कधी तारखेऐवजी टक्केवारी असते, कधी दशांशचिन्हापुढे लागलेली आकड्यांची शेपटी, कधी सदस्य क्रमांकाच्या सुरुवातीचं गायब झालेलं शून्य. विचारणाऱ्याला वाटत असतं की वर्डनं काहीतरी बिघडवलं. प्रत्येकाला तोंडी सांगताना घाई होते, म्हणून आज बसून नीट लिहिते.

तुम्हाला एक्सेलमध्ये जे दिसतं, ते वर्डपर्यंत पोहोचतच नाही. एक्सेलच्या चौकटीत आत एक किंमत साठवलेली असते आणि ती कशी दाखवायची याची सूचना वेगळी असते. '८ जुलै २०२४' ही तारीख आत ४५४८१ हा साधा आकडा असते. '१८ टक्के' आत ०.१८ असतात. मर्ज करताना वर्ड ही आतली किंमत उचलतं आणि दाखवण्याची सूचना मागेच राहते.

जुनी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी तर बरोबर यायचं." त्यांचं खरं आहे. वर्ड २००२ च्या आधी वर्ड साधारणपणे डीडीई नावाच्या मार्गानं प्रत्यक्ष एक्सेल उघडून त्यातला दिसणारा मजकूर आणायचं. वर्ड २००२ पासून आपसूक निवडला जाणारा मार्ग ओएलई डीबी झाला. तो एक्सेल न उघडता थेट फाइलमधली किंमत वाचतो. काम वेगानं होतं, पण मांडणी हरवते. आणि तारीख येते ती अमेरिकन पद्धतीनं: आधी महिना, मग दिवस.

हे वाचायला किरकोळ वाटेल. मला ते किरकोळ वाटत नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथून मुलाखतीची पत्रं गेली. मुलाखती ८ ते १५ जुलै अशा विभागलेल्या होत्या आणि प्रत्येकाची तारीख यादीतून येत होती. ज्यांच्या पत्रात ७/१३ किंवा ७/१४ छापलं गेलं, त्यांचे लगेच फोन आले, कारण तेरावा महिना नसतो. पण ८ जुलैवाल्यांच्या पत्रात ७/८ होतं. त्यांनी सरळ ७ ऑगस्ट असं वाचलं. त्यांना शंका यावी असं त्या पत्रात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी फोन केला नाही. एक मुलगी खरोखरच ७ ऑगस्टला सकाळी येऊन बाकावर बसली, मांडीवर फाइल, वर ते पत्र. तोवर जागा भरली होती. पत्रावर सही साहेबांची असली तरी मर्ज मी केलं होतं. तेव्हापासून मर्जमधली तारीख मी नुसत्या नजरेनं पास करत नाही.

आता उपाय. पत्रात ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबा. तारखेच्या जागी महिरपी कंसात मर्जफिल्ड हा शब्द आणि पुढे कॉलमचं नाव दिसेल. यादीतली किंमत भरायच्या या जागेलाच फिल्ड म्हणतात. कंस बंद होण्याआधी एक जागा सोडून बॅकस्लॅश, ॲटचं चिन्ह, आणि मग अवतरणचिन्हांत तारखेचा साचा लिहा: दिवसासाठी दोनदा डी, महिन्यासाठी दोनदा एम, वर्षासाठी चारदा वाय, मध्ये तिरप्या रेघा. यातला एम मोठ्या लिपीतलाच हवा. छोटा एम म्हणजे वर्डच्या लेखी मिनिटं, आणि मग महिन्याच्या जागी ००  छापलं जातं. एक्सेलमध्ये छोटा-मोठा एम दोन्ही चालतात, त्यामुळे तिथली सवय इथे दगा देते. पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबून प्रिव्ह्यू पाहा. ते कंस हातानं टाइप करून चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. नवे हवे असतील तर कंट्रोल-एफ९ नं घालायचे.

आकड्यांचा आजार तोच, रूप वेगळं. यादीत सरासरी ४६.२ असते आणि प्रमाणपत्रावर ४६.२००००००००००००००३ येते. कोणी यादीत हे टाइप केलेलं नसतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, तिथे ४६.२ तंतोतंत बसत नाही, आणि तो सूक्ष्म फरक एरवी एक्सेल झाकून ठेवतं. इथे बॅकस्लॅशनंतर हॅशचं चिन्ह आणि अवतरणात शून्य, टिंब, शून्य असा साचा दिला की शेपटी जाते.

पण खरं सांगायचं तर मी स्वतः हे साचे आता क्वचित वापरते. मला यादीतच एक जादा कॉलम करणं जास्त भरवशाचं वाटतं. एक्सेलच्या टेक्स्ट या सूत्रानं तारखेचा किंवा आकड्याचा पक्का मजकूर बनवायचा, कॉलमला 'पत्रासाठी तारीख' असं नाव द्यायचं आणि पत्रात तोच कॉलम घ्यायचा. वर्डला मजकूरच मिळाला की तो बदलायचा प्रश्न उरत नाही. शिवाय उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसलं, तर त्या माणसाला तो कॉलम उघड दिसतो. फिल्डच्या पोटात लपलेला साचा दिसत नाही.

हाच जादा कॉलम आणखी एका त्रासावर लागू पडतो, आणि तो त्रास मला सगळ्यात घातक वाटतो. समजा सदस्य क्रमांकाच्या कॉलममध्ये बहुतेक नुसते आकडे आहेत, १०४५, १०४६ असे, आणि खाली कुठेतरी 'अ-१२' आहे. ओएलई डीबी मार्ग कॉलमचा प्रकार ठरवायला साधारणपणे वरच्या ८ ओळीच बघतो. त्या सगळ्या आकड्यांच्या असल्या की तो कॉलम आकड्यांचा ठरतो, आणि 'अ-१२' च्या पत्रात ती जागा रिकामी राहते किंवा तिथे शून्य येतं. सूचना काही येत नाही. लांबलचक शेऱ्यांचंही असंच: वरच्या ओळींतले शेरे छोटे असतील, तर खालचा मोठा शेरा २५५ अक्षरांवर कापला जाऊ शकतो. पहिली चार पत्रं बघून "झालं" म्हणणाऱ्याच्या हाती हे कधीच लागत नाही. आणि फक्त कॉलम निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' केला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधीच भरलेले आकडे त्यानं आकडेच राहतात.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर यादी साध्या सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये, सेव्ह केली गेली आहे असं बहुतेक वेळा निघतं. त्या फाइलमधली अक्षरं कायमची गेलेली असतात. मूळ एक्सेल फाइलकडे जा आणि सीएसव्हीच हवी असेल तर यूटीएफ-८ वाला प्रकार निवडा.

बाकीच्या तक्रारी लवकर आटोपतात. फिल्डच्या यादीत एफ२, एफ३ अशी अनोळखी नावं दिसली, तर शीटच्या पहिल्या ओळीत कोणीतरी मोठं शीर्षक टाकलंय. ती ओळ काढा, कॉलमची नावं पहिल्याच ओळीत हवीत. 'इनव्हॅलिड मर्ज फिल्ड' आलं, तर पत्र तयार झाल्यावर कॉलमचं नाव बदललं गेलंय. लेबलांच्या पानावर फक्त पहिल्या लेबलात नाव आलं, तर 'अपडेट लेबल्स' दाबायचं राहिलंय. उलट साध्या पत्रात 'नेक्स्ट रेकॉर्ड' (यादीतल्या पुढच्या ओळीवर जा, ही सूचना) चुकून पडलं असेल, तर माणसं गाळली जातात. शेवटी नावगाव नसलेली पत्रं निघाली, तर यादीच्या तळाशी रिकाम्या ओळी शिल्लक आहेत, त्या नुसत्या पुसू नका, अख्ख्या ओळी डिलीट करा. आणि यादीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल, तर पत्राला ती सापडणार नाही. 'सिलेक्ट रेसिपियंट्स'मधून पुन्हा जोडून द्या.

वर्डच्या मेलिंग्ज या टॅबमध्ये 'चेक फॉर एरर्स' आहे, ते वापराच. फिल्ड सापडत नसेल तर ते सांगेल. पण तारीख उलटी झाली, आकडा रिकामा गेला, हे त्याला कळणार नाही. म्हणून मी थेट प्रिंटरकडे कधीच पाठवत नाही. आधी 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' करून सगळी पत्रं एका नव्या फाइलमध्ये काढते. यादीतल्या अडचणीच्या ओळींवर आधीच खूण केलेली असते: बारापर्यंतचा दिवस असलेली एखादी तारीख, शून्यानं सुरू होणारा क्रमांक, अक्षर असलेला क्रमांक, सगळ्यात लांब शेरा, शेवटची ओळ. तेवढी पत्रं यादी शेजारी ठेवून शब्द न शब्द वाचते. दोनशे पत्रांना या वाचनासाठी अर्धा तास जातो.

इतकं करूनही अडलं तर जरूर विचारा. फक्त येताना दोन गोष्टी आणा. पत्रात ऑल्ट-एफ९ दाबून फिल्डचे कंस दिसत असताना काढलेला स्क्रीनशॉट, आणि यादीतल्या पहिल्या दहा ओळी, त्यासोबत जिथे चूक झाली ती ओळ. लोकांची नावं आणि फोन नंबर मात्र खोडून आणा, मला ते लागत नाहीत.