उंबर पिकलं: या बहराच्या नोंदी

मागच्या नोंदीच्या वेळी उंबराची फळं हिरवी आणि टणक होती. आता खोडावरचे घोस लाल झालेत आणि झाडावर पहाटेपासून वर्दळ असते. एका झाडाची फळं साधारण एकदमच पिकतात. शेजारचं उंबर मात्र अजून कच्चंच आहे. म्हणून सध्या पक्ष्यांमागे न फिरता पिकलेल्या झाडासमोर बसायचं, असं ठरवलंय.

तांबट एरवी नुसता ऐकू येतो. इथे तो समोरच्या फांदीवर बसतो. 'टुक टुक' चालू असताना त्याची चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो, हे दुर्बिणीतून स्पष्ट दिसलं. हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, शोधायला सगळ्यात अवघड. झाड रिकामं वाटतं, आणि मग पानांतूनच थवा उडतो!

नोंदवहीत एक नवा रकाना घातलाय: खाऊन पक्षी कुठे गेला? कारण फळ तेच असलं तरी झाडाला सगळे पाहुणे सारखे नाहीत. हरियालच्या पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या भागात, उंबराच्या बारीक बिया भरडल्या जातात. तांबटाच्या विष्ठेतून त्या शाबूत पडतात आणि रुजू शकतात. मला तरी हा रकाना पक्ष्यांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

राखी धनेशाचा नर घशात फळं साठवून पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जातोय. बहुधा तिकडे विणीसाठी ढोलीत कोंडून घेतलेली मादी असावी. फटीतून तो तिला एकेक फळ काढून देत असेल, पण ढोली शोधायला मी जाणार नाही. या दिवसांत तिचं पोट त्याच्या फेऱ्यांवरच असतं.

कैलासपतीवर पक्षी जवळपास नाहीत, तरी झाड सोडवत नाही. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फुलं आणि तोफगोळ्यांसारखी फळं थेट खोडावर, तीही पिकायला वर्षभर किंवा अधिक काळ घेणारी. फुलांत मध नसतो, परागांसाठी भुंगे येतात. पुंकेसर दोन प्रकारचे: एकाचे पराग बीजधारणेसाठी, दुसऱ्याचे भुंग्यांच्या खाण्यासाठी.

आता उंबराखाली उजाडताच जाऊन वटवाघळांनी चोखून टाकलेले चोथे पाहायचे आहेत. तुमच्याकडे उंबर पिकलं असेल, तर रात्रीच्या पाहुण्यांच्याही नोंदी ठेवा.