लॅन केबल घेताना आधी तांबं तपासा
घरासाठी कॅट ६ दर्जाची केबल पुरे. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग ती आरामात पेलते. फ्लॅटमध्ये एवढं अंतर होतच नाही. कॅट ७ च्या नावावर जादा पैसे घालवू नका.

खरी पारख तांब्याची. खोक्यावर ‘सीसीए’ लिहिलं असेल तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ते वाकवताना लवकर तुटतं, आणि रोध जास्त असल्याने लांबच्या पीओई (लॅन केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी पडतं. तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर केबल सरळ परत करा.

भिंतीतल्या पाइपात सॉलिड तारेची (बारीक तारांच्या जुडीऐवजी एकसंध तार असलेली) केबलच घाला, आणि विजेच्या वायरींच्या पाइपातून ती कधीही ओढू नका. जोडणीनंतर वेग १०० एमबीपीएसवरच अडकला, तर बहुतेक वेळा आठपैकी एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसते. दोन्ही टोकं ५६८बी या ठरलेल्या रंगक्रमानेच पुन्हा क्रिंप करा, म्हणजे कनेक्टर दाबून बसवा.