दोन जादा पाटे

शनिवार, रात्री साडेदहा

आज ट्रकचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उतरवले. गोठ्यातली म्हैस विकल्यापासून ती जागा माझं गॅरेज झालीय. गव्हाणीवर पाने, खुंटीला पेट्रोमॅक्सऐवजी एलईडी आणि मधोमध १९९१ची ४०७, टाटाचा छोटा ट्रक.

पाटे आसाला आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट तीन दिवस डिझेल पाजून ठेवले होते. तरी एक हलेना. पान्यात चार फुटी पाइप घातला, लोंबकळलो, तर नट नाही, बोल्टच तुटला आणि मी गव्हाणीत. चाचा मिस्त्री बिडी न विझवता म्हणाले, "चला, एक तरी सुटला."

पाटे जमिनीवर मांडले आणि चाचांनी बोट ठेवलं. "ह्यात दोन कंपनीचे न्हाईत." खरंच. दोन पाट्यांची जाडी वेगळी होती, बाकही वेगळा. कुठल्या तरी मोठ्या ट्रकचे, कापून बसवलेले. अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना विचारलं, तर लाजले का रागावले कळलं नाही. "बेदाणा तासगावला न्यायचा, मग येताना खत. कागदावर लिव्हलंय त्याच्या दीडपट भरायचो. गाडी मागं बसायची. मग घातले."

आठ महिने मी ही गाडी 'ओरिजिनल' करायला निघालोय. पुण्याच्या टेल्कोतून, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधून, १९८६ला पहिली ४०७ आली. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर, ऑल्विन निस्सान या जपानी हातमिळवणीच्या गाड्यांसमोर ती टिकली. हे सगळं मी पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. आणि जी गाडी मी जपतोय ती गोठ्यात यायच्या आधीच अण्णांनी बदलून टाकलेली. फाळक्याचा रंग खरवडला तेव्हाही हेच झालं होतं. पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा. कंपनीचा कुठला, ते अजून ठरलेलं नाही. पिवळ्यावर 'हॉर्न ओके प्लीज'ची अर्धी अक्षरं होती. २०१५मध्ये महाराष्ट्राने ती लिहायला बंदी घातली, म्हणून तेवढी तरी परत काढायची नाहीत, एवढंच ठरलंय.

रविवार, दुपारी

पाटे तारेच्या ब्रशने घासले. एकमेकांवर गंजून चिकटले होते. पाटे घासत सरकले तरच धक्का मरतो. असे चिकटले की सगळी पट्टी एकच जाड लोखंड होते आणि दणका थेट चॅसीला, गाडीच्या सांगाड्याला. वर दोन जादा. आता कळलं, डाव्या चॅसीवर बोटभर तडा कुठून आला. तिथे कुणीतरी पट्टी मारून वेल्डिंग केलंय, तेही ओबडधोबड.

अण्णांचे दोन्ही पाटे काढायचे ठरवलं. बेदाणा आता पिकअपने जातो, ४०७वर फार तर पाण्याची टाकी. रिकाम्या गाडीला इतके कडक पाटे म्हणजे दर खड्ड्याला डोकं टपाला. अण्णांना सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुश नवे घाल, जुने बसवू नको." ही परवानगी समजायची.

पॉवर स्टिअरिंगचा हट्ट मात्र मी सोडलेला नाही. चाचा म्हणतात, आरटीओला विचार, मग पाना धर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, नोंदणीत असलेल्या कंपनीच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असं काही करता येत नाही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस, तिथे एखाद्या कोपऱ्यात लपणारही नाही. तेव्हा तूर्त स्टिअरिंग जड ते जडच. निदान किंगपिन, पुढची चाकं ज्यावर वळतात ती खीळ, तरी बदलतो.

रविवार, रात्री

ग्राफाइट ग्रीस लावून पाटे परत बांधले. सेंटर बोल्ट नवा. जॅक सोडला तेव्हा चाचा, मी आणि अण्णा तिघेही मागे बघत होतो. गाडी दोन बोटं खाली बसली. अण्णा म्हणाले, "अशीच आणली होती शोरूममधनं."

जादा पाटे भिंतीला टेकवून ठेवलेत. पाट्याचं पोलाद कोयत्याला चांगलं, गावचा लोहार जुने पाटे शोधतच असतो. आईने एकाचा कोयता करून आण म्हणून सांगितलंय. दुसरा अण्णांनी खुर्चीखाली सरकवलाय.