सफरचंदाचा चोथा: चौथी खेप

या वेळी 10 किलो सफरचंदांचा रस निघाला 6.1 लिटर, आणि फडक्यात उरला 3.3 किलो चोथा. गेल्या खेपेला तो 'उद्या बघू' म्हणून बादलीत तसाच ठेवला होता. सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास, आत हात घातला तर चक्क कोमट. यीस्ट आपल्याआधी कामाला लागलं होतं. म्हणून आता नियम एकच: रस बाटलीत नंतर, आधी चोथा मार्गी.

2 किलो चोथ्यात दीड लिटर पाणी घालून चार तास फ्रिजमध्ये ठेवलं आणि पुन्हा पिळलं. पहिल्या रसाचं ब्रिक्स (म्हणजे साधारण साखरेचं शेकडा प्रमाण) 12, याचं जेमतेम 5. प्यायला पाणचट, त्यामुळे साखर घालून व्हिनेगरला लावलाय.

खरी झटापट वाळवणाशी. मागे बोटभर जाड थर पसरला होता. वरून कुरकुरीत, म्हणून खुशाल बरणीत भरला. तिसऱ्या दिवशी मधोमध पांढरी बुरशी. प्रेसमधून चोथा वडीसारखा घट्ट दाबून निघतो, त्या ढेकळांच्या पोटात ओल राहते. या वेळी 1 किलो चोथा हाताने चुरून, अर्धा सेंटिमीटर थर देऊन 60 अंशांवर ठेवला. हाताला लागणाऱ्या कोरडेपणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून दर तासाला ट्रे वजन केला. नवव्या तासानंतर काटा हलेना: 235 ग्रॅम. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त नुसतं पाणीच होतं! रंग तपकिरी झाला, त्याला इलाज नाही. काप हवेला लागताच ते सुरू होतं. दळण्याआधी बिया चाळून काढल्या. त्यांत अमिग्डालिन असतं, बी फुटली की त्यातून सायनाइड सुटतं. कंटाळा आला तरी हे टाळू नका.

उरलेला 300 ग्रॅम चोथा लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळला. चमचाभर गाळीव पाणी तीन चमचे स्पिरिटमध्ये सोडलं, तर मिनिटभरात जेलीसारखी एक सलग गुठळी चमच्यावर उचलता आली. म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर! (ती गुठळी चाखायची नाही, थेट फेकायची.) बाकीचं गाळीव पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलंय, पुढच्या जॅमसाठी.

व्हिनेगरच्या बरणीवर अजून साय (व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंचा थर) धरलेली नाही.