ड्युटी लागते शनिवारी, जिमला कळवायचं पंधरा दिवस आधी

परळच्या एका हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हिनिंग की नाईट, ते शनिवारी संध्याकाळी ड्युटी लिस्ट लागली की कळतं. कुणी अचानक रजा टाकली की तीही बदलते. त्यामुळे ‘रोज सकाळी सहाला उठून चालायला जा’ म्हणणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. सहाला मी एकतर विक्रोळीला गाडीत चढायच्या झटापटीत असते, नाहीतर वॉर्डात टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेत असते. ‘तुमचं दिवसभर चालणंच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हेही ऐकून झालंय. वॉर्डातल्या फेऱ्यांनी पाय भरून येतात, दम वाढत नाही. आणि जाडजूड पेशंटला कुशीवर वळवायचं तर कंबर दणकट लागते.

म्हणून घराजवळच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरले. शिफ्टचं आधीच सांगितलं होतं. ‘मॅडम, कधीही या, अ‍ॅडजस्ट करू.’ पावती हातात पडल्यावर कळलं की माझी बॅच अकरा ते एक, बायकांची. म्हणजे मॉर्निंगला मी वॉर्डात, इव्हिनिंगला निघायच्या गडबडीत, नाईटला झोपेत. संध्याकाळी गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणे, ‘तुमचं कार्ड आत्ता चालणार नाही.’

मग मेंबरशिप फ्रीज करायचा, म्हणजे काही दिवस थांबवायचा, फॉर्म मागितला. अट अशी की पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं. अहो, मलाच पुढचा आठवडा दोन दिवस आधी कळत नाही! बॅच बदलून द्या म्हटलं, तर ‘सरांना विचारावं लागेल.’ हे सर मला कधी दिसलेच नाहीत. मेसेज केला की वाचल्याचे निळे टिक मात्र वेळेवर यायचे. शेवटी मागणी आली, शिफ्ट बदलत असल्याचं हॉस्पिटलचं पत्र आणा. मेट्रन मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. ‘लोनला पत्र मागतात, व्हिसाला मागतात. जिमला?’ पण दिलं, दोन ओळी आणि शिक्का. ते घेऊन गेले तर काउंटरवर प्रश्न, ‘यात तुमची वेळ कुठे लिहिलीय?’ वेळ ठरलेली नाही, एवढंच तर त्यात लिहिलं होतं!

ऑफच्या दिवशी मुद्दाम संध्याकाळी सातला गेले, ऐन गर्दीत. शेजारी एक काका मुलाचे पैसे भरत होते. त्यांना जरा मोठ्यानेच सांगितलं, ‘कधीही या म्हणतात ना, ते आधी लिहून घ्या हं.’ केबिनचं दार उघडलं आणि सर बाहेर आले! आतच होते. पावतीच्या मागे ‘शिफ्ट ड्युटी, कोणतीही वेळ’ असं लिहून सही-शिक्का दिला, दोन मिनिटांत. तोंडी शब्दावर पैसे भरू नका, एवढंच सांगेन. आणि बारा महिन्यांचे तर नकोच. शिफ्टवाल्यांनी महिन्याचेच भरावेत, थोडे जास्त पडले तरी.

या भांडणाच्या काळात घरीच सुरू केलं होतं, ते आजही चालू आहे. बैठका, भिंतीला टेकून पुश-अप, तेलाचा पाच लिटरचा कॅन उचलणं. उड्या नाहीत, खाली काकू राहतात.

हिशोब दिवसाचा नाही, आठवड्याचा ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम सांगितलाय, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंसाठी. एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी सवलत तीच. मॉर्निंग सुटली की परळहून गाडी न धरता हिंदमातावरून दादरपर्यंत भरभर चालत जाते. त्याच मार्गावर जोराच्या पावसात पाणी तुंबतं, तेव्हा हा बेत बंद आणि कॅन चालू.

नाईट करून आल्यावर मात्र व्यायाम नाही म्हणजे नाही. सुरुवातीच्या उत्साहात मैत्रिणीने केला, ट्रेडमिलवर डुलकी लागली. आधी झोप. दुपारी उठून, जरा खाऊन, पाचच्या सुमारास अर्धा तास. मग आंघोळ, जेवण, ड्युटी. सलग नाईट असतील तेव्हा उचलायचं वजन वाढवायच्या भानगडीत पडत नाही, आहे ते टिकलं तरी पुष्कळ.

आणि हो, त्या पावतीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, मग भांडायला हातात पांढरी चिठ्ठी उरते.